लिटल सेलम शाळेची तिसरी खिडकी

१

मंगळवारी सकाळी साडेआठला लुटी हॅन्सफर्डने लिटल सेलम शाळेचं कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकली. उजेड कमी होता.

या शाळेत उजेड कमी पडतो म्हणजे काहीतरी नक्की बिघडलंय. १९२४ साली काळ्या पोरांसाठी ही शाळा बांधली तेव्हा रेल्वेच्या रुळांच्या या बाजूला वीज आली नव्हती, म्हणून सुताराने सरळ सूर्यालाच नोकरीवर ठेवलं होतं. पूर्वेच्या भिंतीत सहा उंच खिडक्या, एकीला खेटून एक. प्रत्येकीला वर-खाली सरकणाऱ्या दोन झडपा, प्रत्येक झडपेत नऊ काचा. सकाळी जमिनीवर उजेडाचे सहा लांब पट्टे पडायचे. आज साडेपाच होते.

तिसऱ्या खिडकीची खालची झडप गायब. तिच्या जागी तपकिरी पुठ्ठा.

"अरे देवा," लुटी म्हणाली. "नेमकी तीच?"

नेमकी तीच. त्या झडपेतल्या मधल्या काचेवर हिऱ्याने ओरखडून लिहिलं होतं, ‘अँब्रोज टॉलिव्हरने बांधली, १९२४’. अँब्रोजच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एस उलटा, आरशात बघून काढल्यासारखा. सुताराला करवत सरळ चालवता यायची, एस नाही, असं म्हणून लोक कौतुकाने हसायचे. दर वसंतात लुटी आतून काच पुसायची तेव्हा ती अक्षरं फडक्याला अडकायची, आणि ती प्रत्येक वेळी म्हणायची, "सॉरी हं, मिस्टर टॉलिव्हर."

ती वळते तोच बाहेर गाडीचं दार वाजलं. होलिस पेटीबोन आत आला. वारसा समितीचा अध्यक्ष, पंचावन्न वर्षांचा, गावातल्या सगळ्यात मोठ्या खांबवाल्या हवेलीचा मालक. त्याने पुठ्ठ्याकडे बघितलं. मग लुटीकडे बघितलं.

"परत आण," तो म्हणाला.

"मी नाही नेली."

"लुटी, माझ्या हिरवळीवर एकोणीस प्लॅस्टिकचे फ्लेमिंगो कुणी लावले होते?"

"मी."

"चर्चच्या पाटीवर प्रवचनाचा विषय ‘क्षमा’ होता, त्याचं ‘उकडलेल्या शेंगा’ कुणी केलं?"

"त्या रविवारी गर्दी दुप्पट होती, होलिस."

"आणि कोर्टाच्या घुमटावरच्या, वाऱ्यावर फिरणाऱ्या पितळी कोंबड्याला लाल मफलर?"

"ते कुठे सिद्ध झालंय?" लुटी म्हणाली.

चोपन्न वर्षांच्या या बाईचा धंदा जुन्या लाकडी खिडक्या दुरुस्त करण्याचा, आणि लोकांच्या खोड्या काढणं हा धर्म. त्यात नाव लुटी. लोवाची काउंटीत काहीही गायब झालं की आळ कुणावर येणार हे सांगायला नकोच.

होलिस पोरांच्या जुन्या बाकावर बसला, गुडघे छातीला लागले. "ऐक. परवा गुरुवार. दहा वाजता अटलांटाहून राज्याच्या वारसा खात्याची बाई येणार, कोर्टात सुनावणी. ती काच स्वतःच्या डोळ्यांनी बघायचीय तिला, फोटो नकोत. शाळेचे कागद कधीच हरवलेत. कुणी बांधली याचा तेवढा एकच पुरावा आहे. तो नसेल तर शाळा वारशाच्या, म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या टापूबाहेर राहते. आणि टापूबाहेर राहिली तर लाकडाच्या ट्रकांचा नवा रस्ता इथून जातो." त्याने बाकावर बोट आपटलं. "इथून. मस्करीची वेळ नाही ही."

तो गेला. लुटी हसायला गेली, पण हसू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीही केलं नव्हतं, आणि तिच्यावर विश्वास ठेवायला शाळेत एक माशीसुद्धा नव्हती.

२

मग तिने चष्मा चढवला आणि खिडकीला माणसासारखं विचारायला सुरुवात केली. बाई, काय झालं तुझं?

खिडकी बोलली. झडप धरून ठेवणारी लाकडी पट्टी मोडली नव्हती, सोडवून भिंतीला टेकवली होती. तिचे आठ स्क्रू बरणीच्या झाकणात, ओळीने, डोकी एका बाजूला. झडपेच्या दोन्ही दोऱ्यांना गाठी मारून त्या खिळ्याला अडकवल्या होत्या. हे महत्त्वाचं. त्या दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला चौकटीच्या पोकळीत लोखंडी वजनं लटकतात. दोरी सुटली तर वजन आत धाडकन कोसळतं. हे ठाऊक असायला स्वतःच्या हाताने काम केलेलं असावं लागतं. गेल्या महिन्यात शाळेची साफसफाई झाली तेव्हा लुटीने हे दोघांना शिकवलं होतं. होलिसला आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन पर्व्हिस लमारला. आणि शाळेच्या किल्ल्या तीनच. होलिसकडे एक, डीकनकडे एक, तिच्याकडे एक.

झडप नसल्यामुळे एरवी कधी दिसत नाही ती चौकटीची आतली बाजू उघडी पडली होती. तिथे वजनाच्या पोकळीवर एक फळीचं झाकण असतं. त्यावर पटाशीचे तीन घाव होते, खाली एकत्र आलेले, वर फाकलेले, कावळ्याच्या पायासारखे. तिसरी खिडकी, तीन घाव. सुतार असेच नंबर घालतात. तिने मान हलवली आणि पुढे गेली. तिथे थांबायला हवं होतं, पण ते तिला नंतर कळलं.

पुठ्ठ्याच्या बाहेरच्या बाजूवर छापलेलं होतं, ‘हातपंखे, शंभर नग’. ते तिने वाचलं, आणि मग मिस अल्मीडाला सांगायला गेली. हे काम तिला सगळ्यात जड होतं.

मिस अल्मीडा टॉलिव्हर, वय एक्क्याण्णव. अँब्रोज सुताराची एकुलती एक मुलगी. एक्केचाळीस वर्षं शिकवलं; आधी लिटल सेलममध्ये, मग काळी-गोरी पोरं एका वर्गात बसायला लागल्यावर काउंटीच्या शाळेत. गावातल्या अर्ध्या लोकांना तिने वाचायला शिकवलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यांना त्या लोकांनी.

"पाय पुस," ती पोर्चवरून म्हणाली.

"हो मॅम."

दार उघडं राहावं म्हणून बापाची पटाशी ठोकायची जुनी लाकडी मोगरी टेकू लावलेली होती, दांड्यावर चरे पडलेले, डोकं झिजून गुळगुळीत. लुटी लहानपणापासून त्या मोगरीला अडखळत आली होती. आजही अडखळली.

"मिस अल्मीडा, तिसरी खिडकी गेली."

"गेली म्हणजे? चालत गेली? नीट वाक्य कर."

"कुणीतरी तिसऱ्या खिडकीची खालची झडप काढून नेली. तुमच्या पपांच्या नावाची. आणि सगळ्यांना वाटतंय मीच—" आणि मग या प्रौढ, दांडगट बाईने तिसरीतल्या पोरीसारखे बाहीने डोळे पुसले.

म्हातारीने तिचा हात हातात घेतला. "रडू नकोस. तू नाही नेलीस, मला माहीत आहे. आणि पुठ्ठ्याने पाऊस थांबेल गुरुवारपर्यंत. बस. चहा घे."

लुटीने थंडगार गोड चहा घेतला. तिला थोडं बरं वाटलं. "तो उलटा एस, मिस अल्मीडा. माझाही तसाच यायचा, आठवतं? बाकी कुठल्याही चुकीला तुमची लाल पेन्सिल वहीच्या आरपार जायची. त्या एसला तुम्ही कधी हात लावला नाहीत."

"येतो सरळ," मिस अल्मीडा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "वेळ लागतो एखाद्याला."

लुटी निघाली. पायरीवर आली तर समोरून होलिसची गाडी सावकाश चालली होती. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. गोधडीचा कोपरा सरकला होता. त्यातून काच चमकली.

३

लुटीचा टेम्पो होलिसच्या दारात पोचला तेव्हा तो ते गोधडीतलं गाठोडं पोर्चवर चढवत होता. या पोर्चचं छत फिकट निळं आहे. भुतांना ते पाणी वाटतं आणि ती परत फिरतात, असं इकडे दोन्ही रंगांचे लोक मानतात.

"भुतं थांबतात, मी नाही थांबत," लुटी खालूनच ओरडली. "ठेव ते खाली, होलिस पेटीबोन!"

होलिस चोरासारखा दचकला. "हे बघ, मी सांगणारच होतो."

"आता सांग. मला चोर म्हणून झालं, आता स्वतःचं सांग. तुझ्या आजोबांनी ही हवेली सव्हानाच्या आर्किटेक्टकडून बांधून घेतली, असं तू दर वर्षी टूरवाल्यांना सांगतोस. रुळांपलीकडच्या काळ्या सुताराचं नाव यादीत आलं की कुणीतरी विचारेल, तुझे खांब कुणी उभे केले? म्हणून काढलीस ना?"

होलिसचा चेहरा पडला. रागाने नाही, मार लागल्यासारखा. त्याने गोधडी बाजूला केली.

झडप होती. पण सहा काचांची. शाळेच्या झडपेला नऊ असतात.

"माझ्या स्वयंपाकघराची आहे," तो म्हणाला. "शिडी लागली, दोन काचा फुटल्या. तुझ्याकडे आणायची लाज वाटली, सकाळी तुला चोर म्हणून आलो होतो ना. मग गाडीत घेऊन नुसताच फिरत होतो."

लुटी पायरीवर बसली. "मिस अल्मीडा म्हणाली असती, दोघंही कोपऱ्यात उभे राहा."

"तिसरीत तू माझ्या डब्यात बेडूक ठेवला होतास."

"तू पण रडला होतास."

होलिसच्या बायकोने आतून चीजची कुरकुरीत बिस्किटं पाठवली, आणि दोघांनी ती वाटून खाल्ली. मग लुटीने सवयीने झडपेची वरची कड तपासली, आणि तिचा हात थांबला.

कडेवर तीन घाव. खाली एकत्र, वर फाकलेले.

"ही ओळीतली कितवी खिडकी?"

"ओळ कुठली? स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे. का?"

लुटी उठली, टेम्पोत बसली, थेट शाळेत गेली, चौथ्या खिडकीची पट्टी काढली, झडप बाजूला घेतली. तीन घाव. पाचवी. तीन घाव. पहिली, दुसरी, सहावी. तीन घाव.

नंबर नव्हता तो.

४

डीकन पर्व्हिस लमार बुधवारी दुपारी चर्चच्या मागे मोठ्या पातेल्यात शेंगा उकडत होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा उंच, हळू माणूस. लहानपणी लिटल सेलममध्ये पहिल्या बाकावर बसायचा. खोटं बोलायची वेळ आली की त्याला खोकला यायचा. गावाला माहीत होतं, म्हणून त्याला पत्त्यांत कुणी भागीदार घेत नसे.

"डीकन," लुटी शेंग सोलत म्हणाली, "रविवारी नवीन हातपंखे वाटले ना चर्चमध्ये? दफनवाल्याने पाठवलेले. झकास आहेत."

"हो. छान वारा येतो."

"खोकं कुठे गेलं?"

डीकनला खोकला आला.

"शंभर नगांचं. एका बाजूने कापलेलं असेल."

खोकला वाढला. लुटीने त्याला पाणी दिलं आणि त्याच्या शेजारी उलट्या बादलीवर बसली.

"मी रागावले नाही. जो माणूस खिडकी चोरतो आणि बाकांवर पाऊस पडू नये म्हणून पुठ्ठा लावून जातो, त्याच्यावर कोण रागावणार? स्क्रूंची डोकीसुद्धा एका बाजूला ठेवलीत तुम्ही."

"तशीच ठेवायची असतात," डीकन म्हणाला. मग स्वतःच्याच बोलण्याने दचकला. "मला काही विचारू नकोस, लुटी. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

तो पातेल्यात चमचा फिरवत राहिला. वाफेतून त्याचा आवाज आला. "मी सत्तर वर्षं देवाला घाबरत आलोय. पण देवाने मला कधी कोपऱ्यात उभं केलेलं नाही."

लुटीची शेंग हातातच राहिली. कारण काल दुपारचं एक वाक्य तिच्या डोक्यात आत्ता, चोवीस तासांनी, येऊन पोचलं. *पुठ्ठ्याने पाऊस थांबेल गुरुवारपर्यंत.*

पुठ्ठ्याचं तिने मिस अल्मीडाला सांगितलंच नव्हतं.

५

"पाय पुस," मिस अल्मीडा म्हणाली.

लुटीने पुसले. या वेळी ती मोगरीला अडखळली नाही. वाकली, उचलली, उजेडात धरली. दांड्यावरचे चरे काही चरे नव्हते. तीन घाव, खाली एकत्र, वर फाकलेले. ती मोगरी घेऊनच आत आली आणि समोरच्या स्टुलावर बसली.

"पलंगाखाली आहे का?"

म्हातारीने मोगरीकडे बघितलं. "गोधडीत. काचेला काही झालेलं नाही."

"मला माहीत आहे. मिस अल्मीडा, मी सांगते, चुकलं तर लाल पेन्सिल मारा." लुटीने मोगरी मांडीवर ठेवली. "सुतार झडप बाकावर आडवी ठेवतो आणि बाहेरच्या बाजूने काचा बसवतो, पुट्टी बाहेरूनच लागते. त्याला नाव लिहायचं असतं तर त्याने बाहेरच्या अंगाला लिहिलं असतं. पण ते नाव आतून लिहिलंय. माझं फडकं आतून अडकायचं. म्हणजे काच बसल्यावर, वर्गात बसलेल्या कुणीतरी. खालच्या झडपेच्या मधल्या काचेवर, म्हणजे जेमतेम बाकाएवढ्या उंचीच्या कुणीतरी. ज्याचा एस उलटा यायचा. आणि जिने पुढे एक्केचाळीस वर्षं कुठल्याच पोराच्या उलट्या एसवर लाल रेघ मारली नाही."

बाहेर एक ट्रक लाकडं घेऊन गेला. काचा थरथरल्या.

"आठ वर्षांची होते," मिस अल्मीडा म्हणाली. "छत्तीस साल. बाईंनी सांगितलं होतं, घरी जाऊन आईबापाकडून वहीवर सही आणा. पपांनी वही हातात घेतली, उलटी धरली, आणि खाली कावळ्याचा पाय काढला. तीच त्यांची सही. लाकडावर असो की कागदावर. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग हसला." ती थांबली. "मी हसले नाही. पण मी वही लपवली, लुटी. ते जास्त वाईट."

लुटीने मोगरीवरून अंगठा फिरवला.

"मग मी त्यांच्या पेटीतून काच कापायचा हिरा चोरला. मधल्या सुट्टीत लिहिलं. मला वाटलं, आता कुणी हसणार नाही. लिहिलंय ना, त्यांनीच बांधली. बाईंनी मला बदडलं आणि काच बदलायला पपांना बोलावलं. पपा आले. मी नाव वाचून दाखवलं. त्यांनी बोट फिरवलं त्यावरून. म्हणाले, ही काच बदलायची नाही. नंतर दर रविवारी चर्च सुटलं की तिथे जायचे."

"मग चोरली कशाला?"

"कारण गुरुवारी कुणीतरी मला विचारणार, ही तुमच्या वडिलांची सही का? हो म्हटलं तर मी खोटारडी. पोरांना मी एकाच गोष्टीसाठी कधी माफ केलं नाही, ती ही. आणि नाही म्हटलं तर सगळ्या काउंटीसमोर सांगायचं, ज्याने ही शाळा बांधली त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं." तिने तोंड फिरवलं. "एकदा वही लपवली. आता पुन्हा त्यांचं हसं करू?"

लुटीने मोगरी तिच्या हातात दिली. तिचं बोट धरून त्या तीन घावांवर ठेवलं.

"मिस अल्मीडा, ती काच खोटी आहे, बरोबर. पण ती काढलीत म्हणून मला खरी सही दिसली. चौकटीत आत, झाकणावर, झडप असते तोवर दिसतच नाही. सहाही खिडक्यांवर आहे. पेटीबोनच्या हवेलीत आहे. आणि आणखी एका ठिकाणी आहे, जिथे..." ती अडखळली. डोक्यात एक चित्र उभं राहिलं, आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. "जिथे मी गेले होते हे मला कबूल करावं लागेल."

मिस अल्मीडाने चष्म्याच्या वरून बघितलं. तिसरीतला तो जुना नजरेचा बाण.

"कोंबडा," ती म्हणाली.

"हो मॅम."

"मला वाटलंच होतं." आणि मग, मोगरी मांडीवर ठेवत, "मी येईन उद्या. पण काय बोलेन, ते मला आत्ता विचारू नकोस."

६

गुरुवारी दहाला कोर्टाच्या दालनात उभं राहायला जागा नव्हती. अटलांटाच्या बाई टेबलाशी, बाजूला होलिस. दार उघडलं आणि डीकन झडप छातीशी धरून आत आला, मागून काठी टेकत मिस अल्मीडा. झडप टेबलावर ठेवली गेली. होलिसने सुस्कारा सोडला, आणि लुटीकडे बघून ओठांनीच ‘सॉरी’ म्हटलं.

"मिस टॉलिव्हर," अटलांटाच्या बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "ही तुमच्या वडिलांची सही आहे का?"

म्हातारीने सगळीकडे बघितलं. निम्म्या खुर्च्यांवर तिचेच विद्यार्थी होते, पिकल्या डोक्यांचे. सगळे आपसूक ताठ बसले.

"नाही," ती म्हणाली.

खोलीत कुजबुज उठली. होलिसने डोळे मिटले.

"ही मी केली. आठ वर्षांची असताना. माझ्या वडिलांना लिहिता येत नव्हतं." आवाज एकदा तुटला, मग सरळ झाला. "त्यांनी शाळा बांधली, कारण त्यांना येत नव्हतं. कुणाला हसायचं असेल तर त्याने आत्ता हसून घ्यावं. मी थांबते."

ती खरंच थांबली. कुणी हसलं नाही. मागे कुणीतरी नाक शिंकरलं, तेवढंच.

मग लुटी उठली. शाळेच्या चौकटीतलं फळीचं झाकण तिने टेबलावर ठेवलं. तीन घाव. डीकनने अँब्रोजची हत्यारांची पेटी ठेवली. मोगरी, चार पटाश्या, रंधा, प्रत्येकावर तीन घाव.

"हा त्यांचा हात," लुटी म्हणाली. "आणि हाच हात वरती आहे. याच इमारतीच्या घुमटात. एकोणीसशे बावीस सालच्या आगीनंतर तो नव्याने बांधला ना? पितळी कोंबड्याच्या खालच्या तुळईवर, उत्तरेच्या बाजूला, हीच खूण आहे."

"तुम्हाला कसं माहीत?" अटलांटाच्या बाईंनी विचारलं. "घुमटाचं दार तर कायम बंद असतं म्हणे."

संपूर्ण काउंटी लुटीकडे वळली. तिने आयुष्यातला सगळ्यात मोठा श्वास घेतला.

"मफलरची गाठ मारताना मी त्या तुळईला धरलं होतं."

मग असा हशा उठला की खिडक्यांतली वजनं आत वाजली. डीकन हसता हसता खोकायला लागला, आणि या वेळी कुणाला त्यात खोटं दिसलं नाही.

हशा ओसरला तेव्हा होलिस उभा होता. त्याने खुर्चीखालून गोधडी काढली आणि आपली सहा काचांची झडप शाळेच्या झडपेशेजारी ठेवली.

"माझ्या घरातली," तो म्हणाला. "आम्ही शंभर वर्षं सांगत आलोय की सव्हानाच्या आर्किटेक्टने बांधली. त्या माणसाचा कागद मला कधी सापडला नाही. या माणसाची सही सापडली." त्याने मिस अल्मीडाकडे बघितलं, आणि पंचावन्न वर्षांचा तो गृहस्थ पोरासारखा म्हणाला, "पुढच्या टूरला मी नीट सांगेन, मॅम."

"पूर्ण वाक्यात," मिस अल्मीडा म्हणाली.

"अँब्रोज टॉलिव्हर यांनी माझं घर बांधलं, मॅम."

अटलांटाच्या बाईंनी नकाशा पुढे ओढला. टापूची रेघ रुळांपाशी थांबत होती. त्यांनी पेन्सिल घेतली, रेघ रूळ ओलांडून पलीकडे नेली, लिटल सेलमला वळसा घातला आणि परत आणून जोडली. वेळ लागला नाही. वेळ लागला तो मिस अल्मीडाला चष्मा पुसायला.

शनिवारी सकाळी लुटीने झडप जागेवर बसवली. दोऱ्या बांधल्या, पट्टी लावली, आठ स्क्रू फिरवले. चौकटीतलं झाकण मात्र तिने झडपेमागे परत लपवलं नाही. त्या जागी दुसरं घालून जुनं भिंतीवर लावलं, पोरांच्या नजरेच्या उंचीवर. जमिनीवर पुन्हा सहा पट्टे पडले. तिसऱ्या पट्ट्यात नावाची पुसट सावली होती.

मिस अल्मीडा पहिल्या बाकावर बसून बघत होती.

लुटीने पेटीतून काच कापायचा हिरा काढला. अँब्रोजचाच होता. "एवढं सगळं झालंच आहे, तर तो एस सरळ करून टाकता? तुमच्या हाताने. एक्क्याण्णवाव्या वर्षी चूक दुरुस्त."

"ठेव तो खाली," म्हातारी म्हणाली.

"मी मस्करी—"

"मला माहीत आहे. ऐक." ती त्या सावलीकडे बघत होती. "पंचेचाळीस साली कॉलेजच्या फॉर्मवर बापाची सही लागायची. मी म्हटलं, पपा, कावळ्याचा पाय चालेल तिथे. ते म्हणाले, नको, मला येतं. नऊ वर्षं दर रविवारी काचेवर बोट फिरवून शिकले होते. जीभ बाहेर काढून, घाम पुसत, पूर्ण नाव लिहिलं. आयुष्यात एकदाच."

लुटीने हिरा हळूच पेटीत ठेवला.

"कारकुनाने फॉर्म बघितला. म्हणाला, मिस्टर टॉलिव्हर, तुमचा एस उलटा आहे. आणि पपा म्हणाले," मिस अल्मीडाचं बोट हवेतच फिरलं, उलट्या वळणाने, "‘नाही साहेब. माझ्या मुलीने असाच शिकवलाय.’"